प्रार्थनेत मन भरकटतं, मग शांती मिळते कशी? (ख्रिस्ती साधना आणि विचारांची एकाग्रता)

वाघोलीची_लेक (धागाकर्ती)

जय ख्रिस्त आणि नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

मी वसईची, कॅथलिक, नोकरी अंधेरीला. सकाळच्या लोकलमध्ये बसायला मिळालं की रोझरी (मरियामातेची माळेवरची प्रार्थना) म्हणते. जपमाळ बाहेर काढत नाही, बोटांच्या पेरांवर मोजते, कारण माळ दिसली की शेजारची बाई आदराने सरकून बसते आणि मलाच अवघडल्यासारखं होतं. पहिलं दशक, म्हणजे दहा 'नमो मारिया', नीट जातं. दुसऱ्यात ऑफिसचं एक्सेल उघडतं. तिसऱ्यात मुलाची दहावी. पाचव्या दशकाला पोचेपर्यंत तोंडाने 'नमो मारिया' चालू असतं आणि मनात मी कुणाशी तरी तावातावाने भांडत असते. अंधेरीला उतरते ती प्रार्थनेआधी होते त्याहून जास्त चिडलेली.

गेल्या उपवासकाळात (ईस्टरच्या आधीच्या दिवसांत) आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळीत, रिट्रीट (प्रार्थनेचं शिबिर) झालं. प्रवचन देणाऱ्या फादरांनी बायबलमधलं, पौलाचं फिलिप्पैकरांस पत्र ४:८ पाठ करायला सांगितलं. "जे काही सत्य, जे काही आदरणीय, जे काही न्याय्य, जे काही शुद्ध..." अशा गोष्टींचं मनन करा, म्हणजे शांतीचा देव तुमच्याबरोबर राहील. पाठ झालं. मनन काही होत नाही.

तर विचारायचं हे, की शांती ही विचारांना वळण लावून कमवायची गोष्ट आहे, की ती वरून मिळते आणि आपण फक्त हात पुढे करायचा? ज्यांनी या वाटेवर काही केलंय त्यांचे अनुभव हवेत. पुस्तकी उत्तरं चालतील, पण अनुभव जास्त आवडतील.

---

तळ्यातमळ्यात

विरार फास्टमध्ये बसायला मिळतं? चमत्कार तर झालेलाच आहे, आता आणखी काय हवं?

---

वाघोलीची_लेक

@तळ्यातमळ्यात, वसईहून सुटणारी गाडी आहे हो.

---

निरीश्वर_नाना

मी पक्का नास्तिक, तेव्हा या धाग्यावर माझं काय काम असं कुणी म्हणेल. पण विषय माझ्या आवडीचा आहे.

२००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटा अभ्यास आला होता. इटलीतल्या संशोधकांनी २३ निरोगी माणसांना लॅटिनमधली रोझरी आणि 'ॐ मणि पद्मे' हा मंत्र म्हणायला लावला आणि श्वास, हृदयाचे ठोके, रक्तदाब मोजले. दोन्हींत श्वासाची गती मिनिटाला जवळजवळ सहावर आली आणि हृदयाच्या आणि रक्तदाबाच्या लयी एकमेकींशी जुळल्या. रोझरीची एक प्रार्थना अर्धी फादर म्हणतात, अर्धी लोक, आणि मिळून साधारण दहा सेकंद लागतात. सगळी गंमत तिथे आहे.

तेव्हा ताई, मन कुठेही भटकू दे, छातीचा भाता आपलं काम करतोय. मात्र लोकलमध्ये घाईने पुटपुटत असाल तर हा फायदा मिळणार नाही. हळू म्हणा. देव असो वा नसो, फुप्फुसं आहेत.

---

सदाफुली_दादर

नाना, शेवटचं वाक्य आवडलं :)

मी कोकणस्थ, घरी गणपती, देव्हाऱ्यात अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण. तरी कॉलेजपासून बुधवारी माहीमला जाते. सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून हा बुधवारचा नोव्हेना (मरियामातेची खास प्रार्थना) चालू आहे, दिवसभर वेगवेगळ्या भाषांत. बाहेर मेणाच्या वस्तू विकायला असतात: घर, पाळणा, हात, पाय. ज्याची मागणी त्या आकाराची मेणबत्ती. एकदा एका मुलाने मेणाचं विमान घेतलेलं पाहिलं. व्हिसासाठी, दुसरं काय!

मला तिथे शांत वाटतं ते मन एकाग्र होतं म्हणून नाही. चारशे माणसं आपापली रडगाणी घेऊन एका छपराखाली उभी असतात, आणि त्यातलं आपलं रडगाणं काही फार मोठं नाही हे दिसतं. तुझी रोझरी तू एकटी म्हणतेस, तीही गर्दीत. कधी घरच्यांबरोबर म्हणून बघितलीस का?

---

वाघोलीची_लेक

@सदाफुली_दादर, ऑक्टोबर महिनाभर आमच्याकडे संध्याकाळी घरोघरी रोझरी असते. तेव्हा खरंच वेगळं वाटतं. एक आजी पुढे म्हणते, बाकीच्या मागून. मध्येच कुणाच्या तरी कुकरची शिट्टी होते आणि त्या घरची बाई 'नमो मारिया' न सोडता उठून गॅस बंद करून येते. एकटीने म्हणताना ते टेकू नसतात.

@नाना, हळू म्हटली तर नायगावलाच पहिलं दशक संपत नाही.

---

नगरचा_पावणा

आम्ही नगरचे, मराठी मिशनची मंडळी, म्हणजे प्रोटेस्टंट. माळ वगैरे आमच्यात नाही. खरं सांगायचं तर लहानपणी आम्हांला मत्तय ६:७ दाखवून शिकवलं होतं की प्रार्थनेत तेच तेच बडबडू नका. त्यामुळे धागाकर्तीचा प्रश्न वाचून पहिली प्रतिक्रिया 'मग तेच तेच म्हणू नका ना!' अशी झाली. रागावू नका.

आमच्याकडे 'शांतसमय' असतो. पहाटे उठायचं, कुणाशी बोलायच्या आधी एक अध्याय वाचायचा, त्यातली एक ओळ धरायची आणि दिवसभर तीच चघळायची. आजीला वाचता येत नव्हतं, पण चाळीसेक स्तोत्रं तोंडपाठ. कारण चर्चमध्ये भजनं. ना. वा. टिळकांनी केलेली किती तरी भजनं आजही आमच्या उपासनेत आहेत. पेटी, तबला, झांजा, आणि चाल अशी की खुरपताना आपोआप तोंडात येते. आजी शेतात तेच म्हणायची. तिला एकाग्रतेचा प्रश्न पडला असेल असं वाटत नाही. हात कामात, ओळ तोंडात.

माझा अनुभव असा की शांत बसून मन शांत करायला गेलो की ते आणखी चौखूर उधळतं. हाताला काम दिलं की वचन आत उतरतं. मी सकाळी वचन वाचून भांडी घासतो. बायको खूश, देवही खूश असावा.

---

बोरीबंदर

@नगरचा_पावणा, 'तेच तेच' वर एक निरुपद्रवी टोला. स्तोत्र १३६ उघडा. २६ ओव्या आणि २६ वेळा 'त्याची दया सनातन आहे'. आणि गेथशेमाने बागेत येशूने तिसऱ्यांदा 'तेच शब्द बोलून' प्रार्थना केली असं मत्तयच लिहितो, २६:४४. तुमच्याच शास्त्रात.

---

नगरचा_पावणा

झेलला. पण तिथे तो रक्ताचा घाम येईपर्यंत झगडत होता, अंधेरी गाठायची म्हणून उरकत नव्हता. आणि 'तुमच्याच' काय? शास्त्र एकच आहे हो, माळ फक्त तुमची.

---

इगतपुरी_रिटर्न

विपश्यनेला जा. दहा दिवस मौन. सगळे प्रश्न सुटतील.

---

तळ्यातमळ्यात

आला, आला, दर धाग्यावर येणारा इगतपुरीचा प्रतिसाद आला. चला, आता धागा अधिकृत झाला.

---

वाळवंटवाला

काही वर्षं सेमिनरीत (फादर होण्याचं शिक्षण देतात तिथे) काढून बाहेर पडलेला माणूस आहे, त्यामुळे थोडं लांबण लावणार. चहा घेऊन बसा.

धागाकर्तीचा त्रास सोळाशे वर्षं जुना आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात जे संन्यासी जाऊन राहिले, ते शांतीसाठी गेले आणि तिथे त्यांना भेटले स्वतःचेच विचार. त्यांच्यातला इव्हाग्रियस (मृत्यू ३९९) याने या विचारांची आठ जातींत वर्गवारी केली: खादाडी, कामवासना, लोभ, दुःख, राग, कंटाळा, पोकळ कीर्ती, गर्व. पुढे पश्चिमेत याचीच सात महापापं झाली. कंटाळ्याला तो 'दुपारचा सैतान' म्हणतो. सूर्य हलतच नाही असं वाटतं, संन्यासी खिडकीतून पुन्हा पुन्हा बघतो की जेवणाची वेळ झाली का, मग त्याला आठवतं की आजकाल कुणी कुणाशी प्रेमाने वागत नाही, मग वाटतं दुसऱ्या जागी गेलो असतो तर साधना जास्त चांगली झाली असती. दुपारी तीनला ऑफिसात बसलेल्या कुणालाही हे वर्णन ओळखीचं वाटेल.

मला महत्त्वाचं वाटतं ते असं, की विचार येतात की नाही हे आपल्या हातात नाही, असं तो साफ सांगतो. ते तिथे रेंगाळतात की नाही आणि आपण त्यांच्या नादी लागतो की नाही, तेवढं आपल्याकडे. त्याने पाचशेच्या आसपास वचनं गोळा करून ठेवली होती. अमुक विचार आला की त्याला शास्त्रातली अमुक ओळ तोंडावर फेकायची. येशूने रानात सैतानाला 'असे लिहिले आहे' म्हणून उत्तर दिलं, तसंच.

त्याच्याच परंपरेतला जॉन कॅसियन हे सगळं फ्रान्सला घेऊन गेला. त्याची पद्धत आणखी सोपी. पाचशे नको, एकच ओळ: स्तोत्र ७० ची सुरुवात, 'देवा, माझ्या साहाय्याला धाव'. जेवताना, चालताना, राग आला, झोप आली, आनंद झाला, मोह झाला, ओळ तीच. आजही कॅथलिक मठांत प्रहराची प्रार्थना याच ओळीने सुरू होते. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळींची ओळ वेगळी: 'प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर'. ती श्वासाबरोबर म्हणतात. (नाना, घ्या, तुमची फुप्फुसं.)

ताईंना माझं सुचवणं एवढंच की लोकलमध्ये पन्नास 'नमो मारिया'चा हट्ट सोडा. एक दशक म्हणा. मनात भांडण सुरू झालं की त्याला ढकलत बसू नका, त्या भांडणातच 'धाव' म्हणा.

---

सदाफुली_दादर

हे तर आमचं नामस्मरणच की! वारकरी काय वेगळं करतात?

---

वाळवंटवाला

@सदाफुलीताई, कृती सारखीच दिसते, नाकारत नाही. कॅसियनच्या ओळीत मात्र नाम कमी आणि हाक जास्त आहे. बुडणारा माणूस काठावरच्याला मारतो तशी. आता विठ्ठलाला हाक मारणाराही तसंच मारत असेल, मी कोण ठरवणार.

---

इगतपुरी_रिटर्न

मग आम्ही म्हणतो ते काय वेगळं? श्वास बघा, विचार बघा, सोडून द्या. शब्दही नको.

---

बोरीबंदर

@इगतपुरी_रिटर्न, तुमची कड घेणारा माणूस ख्रिस्ती लोकांत होऊन गेलाय, आणि तोही मुंबईचा. फादर अँथनी डिमेलो, येशूसंघी (जेझुइट), जन्म १९३१. त्यांनी 'साधना' नावाची संस्था आधी पुण्यात काढली, मग ती लोणावळ्याला गेली. त्यांचे सराव प्रार्थनेपासून सुरूच होत नाहीत. आधी शांत बसा, अंगावर कपडा कुठे टेकलाय ते जाणवू दे, पाठीला खुर्ची जाणवू दे, बाहेरचे आवाज ऐका, श्वास बघा. शब्द नंतर. बऱ्याच धर्मभगिनी आणि फादर त्यांच्या शिबिरांतून गेले.

मी स्वतः त्यांच्या पद्धतीच्या शिबिरात दोन दिवस बसलोय. पहिल्या तासात कळलं की माझा डावा खांदा कायम उचललेला असतो. कशासाठी ते अजून कळलेलं नाही, पण तेव्हापासून प्रार्थनेला बसलो की आधी तो खाली घेतो. निम्मं काम तिथेच होतं.

---

केडगाव_एक्सप्रेस

आणि १९९८ मध्ये व्हॅटिकनने याच डिमेलोंच्या काही मतांबद्दल इशारा काढला होता की ती कॅथलिक श्रद्धेशी जुळत नाहीत. तेही सांगा ना. खांदा खाली आला, पण येशू कुठे आहे त्यात?

---

बोरीबंदर

सांगतो की. इशारा निघाला ते डिमेलो वारल्यावर अकरा वर्षांनी, उत्तर द्यायला ते नव्हते. आणि त्याच कागदात म्हटलंय की त्यांच्या सुरुवातीच्या लेखनात चांगलं पुष्कळ आहे. खांद्याचं विचाराल तर येशूनेही 'अहो कष्टी व भाराक्रांत जनहो' म्हणूनच हाक मारली होती. भार बहुतेक खांद्यावरच असतो.

---

केडगाव_एक्सप्रेस

शाब्दिक कोटी म्हणून ठीक.

मुद्द्यावर येते. शांती म्हणजे गप्प बसणं हेच मुळात मला पटत नाही. माझी पणजी केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. १९०५ साली तिथे मोठं आत्मिक जागरण झालं. शेकडो मुली एकाच वेळी, आपापल्या शब्दांत, मोठमोठ्याने प्रार्थना करायच्या, रडायच्या, तासन्‌तास. त्या मुली कोण होत्या ते आठवा: १८९६-९७ च्या दुष्काळातून उचलून आणलेल्या, बालविधवा, टाकलेल्या. त्यांना कुणी 'श्वासावर लक्ष दे' म्हटलं असतं तर काय झालं असतं? आतलं सगळं आधी बाहेर पडायला लागतं. आमच्या घरी ही गोष्ट अशीच सांगतात की पणजी त्यानंतर आयुष्यभर शांत होती, पण आधी ती ओरडली.

ताई, लोकलमध्ये ओरडू नका. पण घरी दार लावून एकदा देवासमोर मोठ्याने बोला. मनात जो कुणी माणूस भांडतोय त्याचं नाव घेऊन.

---

निरीश्वर_नाना

बायकांच्या डब्यात ओरडलं तरी कुणाला कळणार नाही.

---

(एक प्रतिसाद काढून टाकला आहे. धाग्याचा विषय धर्मांतर नाही. त्यासाठी वेगळा धागा काढावा, आणि शक्यतो काढूही नये. – संपादक)

---

गोळ्या_घेणारी

मी एरवी लिहीत नाही, पण या विषयावर लिहायलाच हवं.

मला चिंतेचा आजार आहे, निदान झालेला. त्या काळात आमच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या माणसाने मला तेच वचन दिलं जे धागाकर्तीला मिळालं, आणि त्याच्या आधीचं: 'कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका'. वर सांगितलं, चिंता म्हणजे अविश्वास. गोळ्या बंद कर आणि चांगले विचार कर. मी चांगले विचार करायला लागले. म्हणजे काय, तर दिवसभर स्वतःच्या डोक्यावर पहारा. वाईट विचार आला की पाप, मग क्षमा मागायची, मग क्षमा नीट मागितली का याची काळजी, मग पुन्हा. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत. शांती राहिली बाजूला, जेवण सुटलं.

मानसशास्त्रात यावर १९८७ चा एक गाजलेला प्रयोग आहे, डॅनियल वेग्नर यांचा. लोकांना सांगितलं, पुढची पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. अर्थात सगळ्यांना अस्वलच दिसलं, आणि नंतर परवानगी दिल्यावर ज्यांनी आधी दाबलं होतं त्यांना जास्त दिसलं. विचार दाबून शांती मिळत नाही, हे माझ्या डॉक्टरीणबाईंनी मला अस्वल सांगूनच समजावलं.

माझ्या गोळ्या चालू आहेत, समुपदेशन चालू आहे, प्रार्थनाही चालू आहे. तिघांचं एकमेकांशी भांडण नाही. ताई, तुमचं इतक्या टोकाला नसावं. पण झोप उडत असेल, भूक जात असेल, तर आधी डॉक्टरकडे जा.

---

वाळवंटवाला

@गोळ्या_घेणारी, लिहिलंत हे फार बरं केलंत.

तुम्ही एकट्या नाही आहात. संत इग्नेशियस लोयोला, येशूसंघाचे संस्थापक, १५२२ मध्ये मानरेसाला असताना हुबेहूब याच चक्रात अडकले होते. जुनी पापं पुन्हा पुन्हा सांगायचे, तरी वाटायचं काहीतरी राहिलं. खोलीतल्या भोकातून उडी टाकावी इथवर विचार गेला. आठवडाभर अन्न सोडलं, शेवटी पापनिवेदन ऐकणाऱ्या फादरांनी उपास मोडायला लावला. त्यातून बाहेर आले ते एका निश्चयाने: जुनी पापं पुन्हा उकरायची नाहीत.

आणि याच माणसाने विचारांकडे बघायची एक शहाणी रीत दिली. जखमी होऊन घरी पडून असताना त्यांच्या लक्षात आलं होतं की सरदारकीची स्वप्नं रंगवताना मजा येते, पण नंतर मन कोरडं पडतं. संतांसारखं जगायची स्वप्नं रंगवली तर नंतरही आनंद टिकतो. म्हणजे विचार चांगला की वाईट हे तो आल्या आल्या ठरवायचं नाही. तो गेल्यावर मागे काय ठेवून जातो ते बघायचं. रात्री झोपण्यापूर्वी दिवस मागे फिरवून बघायचा, आधी आभार, मग कुठे जीव फुलला आणि कुठे आक्रसला. याला पहारा म्हणत नाहीत. पहाऱ्यात प्रत्येकाला अडवतात.

---

सदाफुली_दादर

@गोळ्या_घेणारी, तुला एक घट्ट मिठी. त्या वडीलधाऱ्याला मेणाचा मेंदू वाहा माहीमला.

---

गोळ्या_घेणारी

मिळतो का?? :D

---

नगरचा_पावणा

आता मी एक गोष्ट काढतो जी इतका वेळ कुणाच्या लक्षात आली नाही. (आमच्याकडे शास्त्र संदर्भासकट वाचायची खोड असते, माफी.)

धागाकर्तीला ४:८ दिलं. गोळ्या_घेणारीताईंना ४:६ दिलं. सगळे इथूनच सुरू करतात. ४:२ कुणी वाचत नाही. तिथे पौल लिहितो: युवदीयेला विनंती करतो आणि सुंतुखेला विनंती करतो, प्रभूच्या ठायी एकचित्त व्हा. दोन बायका, दोघीही मंडळीत कामाच्या, दोघींनी पौलाच्या बरोबरीने सुवार्तेसाठी कष्ट केलेले, आणि त्यांचं एकमेकींशी पटत नाही. भांडण कशावरून ते सांगितलेलं नाही. पुढे तो तिसऱ्या कुणाला तरी म्हणतो, बाबा रे, तू या दोघींना मदत कर. आणि त्यानंतर, त्याच दमात, आनंद करा, सौम्यता दिसू द्या, चिंता करू नका, देवाची शांती तुमचे विचार राखील, आणि मग शेवटी ते 'जे काही सत्य'.

लिहिणारा स्वतः बेड्यांत आहे, ते पहिल्याच अध्यायात आहे. तो काही ध्यानमंदिरात बसून सल्ला देत नव्हता. ज्यांच्यासाठी लिहिलं त्या मंडळीत उघड भांडण चालू होतं. आणि पत्र एकट्याने घरी वाचायला नव्हतं, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं जायचं, म्हणजे त्या दोघी बहुधा तिथेच बसलेल्या. मला तरी हे विचारांच्या व्यायामाचं पत्र वाटत नाही. भांडण मिटवा, आणि मिटेपर्यंत मन सडू नये म्हणून डोक्यात काय ठेवायचं ते सांगतोय तो.

तर वाघोलीच्या ताई, पाचव्या दशकात तुम्ही नक्की कुणाशी भांडता? 'कुणाशी तरी' असं लिहिलंयत. उत्तर द्यायलाच हवं असं नाही.

---

तळ्यातमळ्यात

पावण्याने एकदम पाचवीला पुजलेला प्रश्न काढला. मी पॉपकॉर्न ठेवतो खाली.

---

वाघोलीची_लेक

दोन दिवस उत्तर दिलं नाही, क्षमस्व. ऑडिट चालू होतं, आणि पावणेकाकांचा प्रश्नही.

भाऊ. मोठा. वर्ष होऊन गेलं, बोलणं नाही. घरं एकाच वाडीत, मध्ये पंधरा केळी आणि एक जांभूळ. त्याची मुलं माझ्याकडे येतात, खातात, जातात. तो आणि मी नाही. रविवारच्या मिस्सात (चर्चमधल्या उपासनेत) कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर घेण्याच्या, आधी सगळे एकमेकांना शांती देतात ना, तेव्हा मी पुढच्या-मागच्या अनोळखी माणसांना हात जोडून हसते. तो पलीकडच्या बाकावर असला तर तोही तेच करतो. दोघंही एकमेकांच्या डोक्यावरून बघतो.

पण एक सांगते, दर वेळी बाईनेच पुढे व्हायचं, समजून घ्यायचं, ही शिकवणही मी पुरेशी ऐकलीय. चूक त्याची आहे. आधी तो का नाही?

---

केडगाव_एक्सप्रेस

बरोबर आहे तुमचं. 'क्षमा कर' हे नेहमी ज्याला लागलंय त्यालाच ऐकवतात. पौलानेही दोघींना वेगवेगळी विनंती केलीय बघा, एकीलाच नाही.

---

गोळ्या_घेणारी

+१. आणि रोमकरांस १२:१८: 'शक्य असेल तर, तुम्हांकडून होईल तितके' सगळ्यांशी शांतीने राहा. 'शक्य असेल तर' हे पौलानेच लिहून ठेवलंय. मला त्याचा खूप आधार वाटतो.

---

नगरचा_पावणा

मान्य. मी मत्तय ५:२४ काढणार होतो, वेदीपुढे दान तिथेच ठेव आणि आधी भावाशी समेट कर. पण तुम्ही दोघींनी आधीच माझं तोंड बंद केलंत. तरी ताई, तिसऱ्या माणसाचं बघा. पौलाने मध्यस्थ सुचवलाय. तुमच्या दोघांना ओळखणारं कुणी असेलच.

---

सदाफुली_दादर

मुलं येतात जातात म्हणतेस, मग मध्यस्थ रोजच येतोय की घरी. भाच्याच्या हातून डब्यातून काहीतरी पाठव. काही बोलू नकोस, चिठ्ठी नको. डबा परत येताना रिकामा येतो की भरून, ते बघ. मराठी घरात यापेक्षा स्पष्ट उत्तर मिळत नाही.

---

इगतपुरी_रिटर्न

डब्याची कल्पना छान. (आणि मी या वेळी काहीही सुचवत नाहीये.)

---

निरीश्वर_नाना

मला एक कुतूहल आहे. समजा भाऊ बोलला, समेट झाला, आणि रोझरीत मन तरीही भरकटलं. मग?

---

वाळवंटवाला

@नाना, भरकटणारच. इव्हाग्रियसच्या यादीत आठ आहेत, रागाने जागा रिकामी केली की पोकळ कीर्ती येऊन बसेल: 'बघा, मी किती मोठ्या मनाची, मीच पुढे झाले.' त्याने लिहून ठेवलंय की बाकीचे हरले की हीच उगवते.

---

वाघोलीची_लेक

वाळवंटवाले, मनातलं ओळखलंत. डबा पाठवायचा विचार केला आणि लगेच चर्चमध्ये लोक काय म्हणतील तेही रंगवून झालं.

काय करतेय ते सांगते. लोकलमध्ये एकच दशक, हळू, नानांच्या हिशोबाने. बाकी वेळ 'देवा, धाव'. चार दिवस झाले, शांती वगैरे नाही, पण अंधेरीला कमी चिडून उतरते. दादा रविवारची सातची मिस्सा चुकवत नाही, म्हणून मी मुद्दाम साडेआठची धरत होते. या रविवारी सातची धरणार आहे. पुढचं काही ठरवलेलं नाही. डब्याचं बघते, नाताळच्या फराळापर्यंत वेळ आहे.

---

निरीश्वर_नाना

शुभेच्छा. पण वाडीच्या सातबाऱ्यावर नाव लागलंय ना, ते आधी तपासा. शांती मिळाल्यावर माणसं सह्या फार पटकन करतात.

---

वाघोलीची_लेक

लागलंय हो नाना, वडील असतानाच. जमिनीचं भांडण नाहीच. विहिरीवरची मोटार सामायिक आहे, तिचं वीजबिल कुणी किती भरायचं यावरून सुरू झालं.

---

तळ्यातमळ्यात

मोटार किती एचपीची आहे?